उतारवयातील मोडलेला खुबा

पहाटेचे साडेतीन-चार वाजलेले असतात. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्ती, बहुधा पंचाहत्तरी ओलांडलेली आजी, मोरीकडे जाण्यासाठी उठते. इतरांची झोप मोडू नये म्हणून ती दिवा लावीत नाही. चाळीस वर्षे पायाखालचे घर. उंबरठा कोठे आणि पायपुसणे कोठे, हे तिला डोळे मिटूनही ठाऊक असते. परंतु उठल्याबरोबर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, लुगड्याचा काठ पायात अडकतो आणि ती एका कुशीवर जमिनीवर पडते. पडण्याचा आवाजसुद्धा फारसा होत नाही. घरची माणसे धावून येतात, तिला उभी करू पाहतात. पण पाय टेकवत नाही. दिव्याच्या उजेडात दिसते ते असे, की उजवा पाय डाव्याहून किंचित आखूड झाला आहे आणि त्याचे पाऊल बाहेरच्या बाजूस कलंडून पडले आहे.

यापुढचा प्रसंग भारतातील हजारो घरांत जवळजवळ एकाच क्रमाने घडतो. पाय मुरगळला असेल, म्हणून तेल चोळले जाते. सकाळी लेप लागतो. दुसऱ्या दिवशी हाडवैद्य येऊन पाय ओढून पाहतो. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी क्ष-किरण चित्र काढले जाते आणि डॉक्टर सांगतात, की खुब्याचे हाड मोडले असून शस्त्रक्रिया करावी लागेल. मंडळी बाहेरच्या बाकावर विचारविनिमयास बसतात. थोरला मुलगा म्हणतो, “आता या वयात आईला कापाकापीचा त्रास कशाला? घरी नेऊ आणि सेवा करू.” त्याला कोणी विरोध करीत नाही, कारण त्या वाक्यामागे निष्ठुरता नसून माया असते. आजीला मात्र कोणी विचारीत नाही.

या एका वाक्याची नीट परीक्षा करणे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम मोडते काय, हे पाहणे इष्ट. सामान्य बोलण्यात ‘कंबर मोडली’ असे म्हटले जाते. पण बहुतेक वेळा जे मोडते ते कमरेचे हाड नसून मांडीच्या हाडाचे वरचे टोक असते. मांडीचे हाड हे मानवी शरीरातील सर्वांत लांब व सर्वांत बळकट हाड. त्याच्या माथ्यावर चेंडूसारखा गोल असतो आणि तो ओटीपोटाच्या हाडातील खोलगट वाटीत बसतो. शाळेच्या पुस्तकातील उखळीचा सांधा तो हाच. गोल आणि हाडाचा सरळ दांडा यांना जोडणारा जो आखूड, तिरपा भाग, त्याला हाडाची मान म्हणतात. शरीराचा भार कमरेतून पायात उतरतो तो या तिरप्या मानेवरून.

या रचनेविषयी एक मनोरंजक ऐतिहासिक प्रसंग नोंदलेला आहे. १८६६ च्या सुमारास झुरिच येथे हेर्मान फोन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद घेऊन त्याच्या आतील बारीक जाळीची मांडणी दाखविली. ती कार्ल कुल्मान या अभियंत्याच्या पाहण्यात आली, तेव्हा त्याला आपल्या शास्त्रातील यारीची आठवण झाली. वजन उचलणाऱ्या यारीच्या वाकड्या मानेत ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळपास त्याच रेषांनी हाडातील हे तंतू रचलेले होते. पुढे १८९२ साली बर्लिनच्या युलियस वोल्फ याने नियम मांडला, की हाड ही निर्जीव खुंटी नव्हे. ज्या प्रकारचा भार त्यावर पडतो त्याप्रमाणे ते आपली घडण बदलीत राहते. भार वाढला की हाड दाट होते. भार नाहीसा झाला की विरळ होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हाड दिवसेंदिवस अधिक ठिसूळ का होते, याचे उत्तर या नियमात आहे.

म्हातारपणी ही जाळी झिजते. स्त्रियांच्या बाबतीत ऋतुनिवृत्तीनंतर ही झीज विशेष वेगाने होते. या अवस्थेला वैद्यक ऑस्टिओपोरोसिस म्हणते. हाडांचा सच्छिद्र ठिसूळपणा, असे त्याचे सरळ वर्णन करता येईल. त्यात वेदना नसते, म्हणून ती कळतही नाही. मग तरुणपणी ज्या पडण्याने फार तर कातडी खरचटली असती, तेवढ्याच पडण्याने सत्तरीत खुबा मोडतो. मोडलेल्या खुब्यांपैकी फार मोठा भाग हा उभ्या उंचीवरून, घरातल्या घरात पडण्याने होतो. आणि अशा रुग्णांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा पुष्कळच अधिक असते.

मोड कोठे झाली, यालाही महत्त्व आहे. लंडनचे प्रसिद्ध शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या मोडींचे दोन वर्ग स्पष्टपणे वेगळे केले: सांध्याच्या पिशवीच्या आतील आणि बाहेरील. गोलाला होणारा रक्तपुरवठा मुख्यतः मानेला बिलगून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून होतो. पिशवीच्या आत मान मोडली की त्या वाहिन्याही बहुधा तुटतात, आणि देठ तुटलेल्या फळाप्रमाणे तो गोल आतल्या आत वाळू लागतो. पिशवीच्या बाहेरील भागास रक्त भरपूर मिळते. तेथे हाड जुळण्याची अडचण नसते, पण ते वाकडे जुळते आणि त्यासाठी अनेक आठवडे निश्चल पडून राहावे लागते. एका ठिकाणी हाड जुळत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी जुळेपर्यंत रुग्ण टिकत नाही, असा हा दुहेरी पेच होता.

हा पेच भारतीय वैद्यकासही अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांसाठी एक स्वतंत्र निदानाध्याय आणि एक स्वतंत्र चिकित्साध्याय आहे. हाडांच्या मोडीचे बारा आणि सांधे निखळण्याचे सहा प्रकार तेथे सांगितले आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन, वेळू इत्यादींच्या साली व पट्ट्या बांधून हाड स्थिर करण्याची रीत दिली आहे. मांडी अथवा पोटरी मोडलेल्या रुग्णास फळीच्या शय्येवर निजवून पाच खुंट्यांच्या आधारे जखडून ठेवावे, असा कपाटशयनाचा विधी सांगितला आहे. कोवळ्या वयात सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, हे निरीक्षणही त्यात आहे. आणि कमरेतील चपटे हाड फुटले असेल, सांधा निखळून जागा सोडून गेला असेल, किंवा जघनाचा भाग चुरडला असेल, तर वैद्याने तो रुग्ण हाती घेऊ नये, असा स्पष्ट इशाराही आहे. आपल्या साधनांची मर्यादा ओळखून दिलेला तो प्रामाणिक इशारा होता. साधने बदलल्यावर मात्र तोच निर्णय चालू ठेवणे, हा काही प्रामाणिकपणा नव्हे.

मोडलेल्या खुब्याचा वृद्ध रुग्ण मरतो तो क्वचितच हाडामुळे. तो मरतो अंथरुणामुळे. उताणे पडून राहिल्याने फुफ्फुसांच्या तळाशी कफ साचतो व न्यूमोनिया होतो. पाठीखाली, माकडहाडापाशी आणि टाचांना शय्याव्रण पडतात. लघवीच्या मार्गात जंतू वाढतात. अन्न जात नाही, स्नायू आठवड्याभरातच वितळू लागतात. रात्री भ्रम होतो, घरच्यांची ओळख पटेनाशी होते. पायांतील शिरांत रक्त थिजते आणि त्याची गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर मृत्यू क्षणात येतो.

ही शेवटची क्रिया ज्याने जगाला समजावून दिली, त्या रुडॉल्फ विरचोव्ह या थोर जर्मन वैद्याच्या आयुष्याचा शेवट या संदर्भात मनाला चटका लावतो. ४ जानेवारी १९०२ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, बर्लिनमध्ये चालत्या ट्रॅममधून उतरताना तो पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. त्या काळातील सर्वोत्तम वैद्यकीय ज्ञान त्याच्या उशाशी उभे होते. किंबहुना त्या ज्ञानाचा एक मोठा हिस्सा त्याचाच होता. तरीही पूर्वीची प्रकृती त्याला लाभली नाही आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला हृदयक्रिया क्षीण होऊन त्याचा अंत झाला.

याच्या बरोबर साठ वर्षांनंतरची दुसरी घटना पाहावी. जून १९६२ मध्ये सर विन्स्टन चर्चिल माँटे कार्लो येथील हॉटेलात पडले व त्यांचा खुबा मोडला. त्यांचे वय सत्याऐंशी होते, आणि त्यांची प्रकृती आधीच अनेक व्याधींनी जर्जर होती. त्यांना विमानाने लंडनला आणून शस्त्रक्रिया करण्यात आली. ऑगस्टमध्ये ते रुग्णालयातून घरी गेले आणि जानेवारी १९६५ पर्यंत जगले. दोन माणसांच्या तुलनेवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु या साठ वर्षांत काय बदलले, हे विचारण्यास ही तुलना पुरेशी आहे.

बदलला तो एक खिळा. मारियस स्मिथ-पीटरसन हा नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेतील बॉस्टन येथे काम करणारा शल्यविशारद. १९२५ साली त्याने तीन पात्यांचा पोलादी खिळा प्रथम वापरला आणि १९३१ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. मोडलेल्या मानेतून हा खिळा थेट गोलात ठोकला, की तीन पात्यांमुळे गोल फिरत नसे व हाडाचे तुकडे एकमेकांना धरून राहत. १९३२ साली स्वीडनच्या स्वेन योहान्सन याने खिळ्यास मधून पोकळी ठेवली; आधी बारीक तार घालून, क्ष-किरणांच्या साहाय्याने तिची दिशा पाहून, मग तिच्यावरून खिळा सरकविता येऊ लागला. तरीही वाळणाऱ्या गोलाचा प्रश्न शिल्लकच होता. केलॉग स्पीड या अमेरिकन शल्यविशारदाने १९३५ साली या मोडीला ‘न सुटलेली मोड’ असेच नाव दिले होते.

मग प्रश्न विचारण्याची दिशा पालटली. जो गोल वाळणारच, तो जुळविण्याचा हट्ट कशासाठी? तो काढून त्या जागी धातूचा का बसवू नये? १९४० साली ऑस्टिन मूर आणि हॅरोल्ड बोलमन यांनी एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा रोगग्रस्त भाग काढून तेथे धातूचा भाग बसविला. पुढे मूर यांनी सुधारलेला धातूचा गोल जगभर गेला. स्वस्त आणि सोपा असल्यामुळे भारतातील रुग्णालयांतही तो दीर्घकाळ वापरला गेला आणि ‘ऑस्टिन मूर’ हे नाव येथील अस्थिरोग विभागांत परवलीचे झाले. नोव्हेंबर १९६२ मध्ये इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी धातूच्या गोलाबरोबर दाट पॉलिएथिलीनची वाटीही बसविण्यास आरंभ केला आणि संपूर्ण खुबा बदलण्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घातला.

आज या इतिहासाचे सार दोन वाक्यांत सांगता येते. पिशवीच्या आतील मोड सरकली असेल आणि रुग्ण वृद्ध असेल, तर गोल अथवा संपूर्ण सांधा बदलतात. पिशवीच्या बाहेरील मोड सळई अथवा सरकत्या स्क्रूने आतून पक्की करतात. दोहोंचा हेतू मात्र एकच असतो: रुग्णाला शक्य तर दुसऱ्याच दिवशी खाटेवरून उठवून, आधार देऊन, पायांवर उभे करणे.

येथे आणखी एका क्रांतीचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिच्यात ना पोलाद होते ना यंत्र. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे अनाथाश्रमवजा दुखणाईतांच्या जुन्या वॉर्डांची जबाबदारी आली. तेथे वर्षानुवर्षे खाटेवर पडून असलेले शेकडो वृद्ध होते. त्यांनी प्रत्येकाला पुन्हा तपासले, आजार शोधले, खाटांमधील अंतर वाढविले, प्रकाश आणला, माणसांना उठवून चालविले. आणि जे असाध्य म्हणून टाकून दिले होते त्यांपैकी अनेक जण घरी गेले. पुढे १९४०च्या दशकात एसेक्समधील ऑर्सेट येथे लायोनेल कोसिन या शल्यविशारदाने खुबा मोडलेल्या वृद्धांवर शस्त्रक्रिया करून त्यांना चालते करण्याचा असाच उद्योग आरंभिला. अंथरूण हा उपचार नसून अनेकदा तोच रोग असतो, ही गोष्ट या दोघांनी आचरणातून दाखविली. आज अस्थिशल्यविशारद आणि वृद्धरोगतज्ज्ञ यांनी मिळून रुग्ण सांभाळण्याची जी पद्धत उत्तम समजली जाते, तिचे मूळ येथे आहे.

शस्त्रक्रिया किती लवकर व्हावी? ब्रिटनमध्ये २००७ पासून अशा रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते, आणि २०१० पासून छत्तीस तासांच्या आत शस्त्रक्रिया करणे हा चांगल्या सेवेचा एक निकष ठरविण्यात आला. २०२० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात भारतासह १७ देशांतील ६९ रुग्णालयांतून २,९७० रुग्ण सहभागी झाले होते. निदानानंतर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झालेला एक गट आणि साधारण चोवीस तासांत झालेला दुसरा, अशी तुलना होती. तीन महिन्यांतील मृत्यूंच्या प्रमाणात दोहोंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण लवकर उभे राहिले, लवकर घरी गेले आणि त्यांना भ्रमाचा त्रास कमी झाला. याचा अर्थ स्पष्ट आहे. सहा तास की चोवीस तास, याविषयी तज्ज्ञांनी वाद घालावा; परंतु भारतीय घरांत जो विलंब होतो तो तासांचा नसून दिवसांचा, कधी आठवड्यांचा असतो, आणि त्याचे समर्थन कोणत्याही प्रयोगाने होत नाही.

आता बाकावर बसलेल्या त्या मंडळींकडे परत यावे. त्यांच्या शंका खोट्या नाहीत. वय झाले आहे, रक्तदाब आहे, हृदय अशक्त आहे, भूल सोसेल काय? भूल देण्याचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. केवळ कमरेखालचा भाग बधिर करूनही ही शस्त्रक्रिया होऊ शकते. जोखीम मात्र शून्य नाही. उत्तम उपचार मिळूनही वर्षाच्या आत अशा रुग्णांपैकी साधारण चार-पाचांत एक दगावतो, आणि जे वाचतात त्यांतील अनेकांची पूर्वीची चाल पुरती परत येत नाही. हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु तुलना करावयाची ती शस्त्रक्रियेची जोखीम आणि निर्धास्तपणा यांची नव्हे. तुलना आहे शस्त्रक्रियेची जोखीम आणि अंथरुणाची जोखीम यांची. शस्त्रक्रिया नाकारल्याने धोका टळत नाही, तो केवळ रुग्णालयातून घरी येतो.

शिवाय वेदनेचा विचार फारसा कोणी करीत नाही. मोडलेला खुबा बांधलेला नसतो. कूस बदलताना, भांडे देताना, चादर काढताना, प्रत्येक वेळी हाडाची टोके एकमेकांवर घासतात. सेवा करणारी सून जितक्या वेळा सासूबाईंना प्रेमाने हलविते, तितक्या वेळा त्या कळवळतात. म्हणूनच ज्यांचे आयुष्य थोडेच उरले आहे अशा रुग्णांतही केवळ वेदना थांबविण्यासाठी ही शस्त्रक्रिया करणे योग्य मानले जाते. ज्याच्याबाबत डॉक्टरांचाच सल्ला शस्त्रक्रिया नको असा पडतो, असा एखादा रुग्ण असतो, हेही खरे. पण तो निर्णय तपासणीनंतरचा असावा, वयाचा आकडा ऐकून घेतलेला नसावा. इंग्लंडच्या राजमातेवर जानेवारी १९९८ मध्ये वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी मोडलेल्या खुब्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्या चार वर्षांहून अधिक जगल्या. राजघराण्याच्या सोयी सर्वांस नसतात. हाडे मात्र सर्वांची सारखीच असतात.

राहिला खर्चाचा प्रश्न. तो अनेक घरांत खरा निर्णायक असतो आणि मायेच्या भाषेआड लपलेला असतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर व त्यावरील वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले. घरातील वृद्धांचे कार्ड पडण्यापूर्वीच काढून ठेवणे, हे मुलांचे एक साधे कर्तव्य आहे. रात्री दोन वाजता कागदपत्रे शोधण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे.

खुब्याच्या शेजारीच असलेल्या ओटीपोटाच्या हाडांविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. दोन बाजूंची हाडे व मागील त्रिकास्थी मिळून एक कडे तयार होते. हातातील काचेची बांगडी जशी सहसा एकाच जागी तुटत नाही, तसेच हे कडेही बहुधा दोन ठिकाणी मोडते. वृद्धांमध्ये साध्या पडण्याने त्याच्या पुढच्या बारीक फांद्यांना तडा जातो. जांघेत वेदना होते आणि खुबाच मोडला असे वाटते. पण येथे बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. वेदनाशामक औषध देऊन शक्य तितक्या लवकर आधाराने चालविणे, हाच उपचार. उलट तरुण माणसाचे हे कडे वाहनाच्या धडकेने फुटते, तेव्हा आत लिटरवारी रक्त वाहून काही तासांत प्राण जाऊ शकतात. अशा जखमीचे पाय फाकवून तपासत बसू नये; घडी केलेली चादर खुब्यांच्या उंचवट्यांच्या पातळीवर घट्ट आवळून बांधावी, त्याला फळीवर घ्यावे आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

घरात वृद्ध माणूस पडले तर काय करावे, हेही याच ओघात लक्षात ठेवावे. जांघेत कळ, पाय उचलता न येणे, पाय आखूड होणे आणि पाऊल बाहेर वळणे, ही मोडलेल्या खुब्याची लक्षणे. पाय चोळू नये, ओढू नये, उभे करून पाहू नये. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून ते एकत्र बांधावे, आणि फळीवर किंवा ताणून धरलेल्या सतरंजीवर घेऊन रुग्णालय गाठावे. कधी कधी हाडाची टोके एकमेकांत रुतून बसतात आणि रुग्ण लंगडत चालूही शकतो. म्हणून पडल्यानंतर जांघ दुखत राहिली, तर चालता येते एवढ्यावर समाधान न मानता क्ष-किरण चित्र काढून घ्यावे.

आणि पडूच नये म्हणून? येथे शास्त्र अगदी घरगुती होते. पलंगाशेजारी हाताला येईल असा दिवा. मोरीत घासून खरबरीत केलेली फरशी आणि भिंतीला पक्का दांडा. न सरकणारे पायपुसणे. मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया. झोपेच्या गोळीविषयी डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारणे. उठल्यावर क्षणभर पलंगाच्या कडेला बसून मग पाय टाकणे. ज्या स्त्रीचे मनगट साध्या पडण्याने मोडले आहे, तिच्या हाडांनी इशारा दिला आहे असे समजून तपासणी करणे; हाडांची झीज रोखणारी परिणामकारक औषधे १९९०च्या दशकापासून उपलब्ध आहेत.

ऊन हेही औषधच. कॅथलीन व्हॉन या इंग्रज डॉक्टर श्रीनगरमध्ये स्त्रियांवर उपचार करीत असत. पडद्यात, बंद घरांत राहणाऱ्या स्त्रियांची हाडे मऊ पडून ओटीपोटाचे कडे आकसत असे आणि बाळंतपणात त्यांचे प्राण धोक्यात येत. उघड्यावर, नावांतून जगणाऱ्या गरीब स्त्रियांना मात्र हा रोग नसे. १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी याचे कारण सूर्यप्रकाशाचा अभाव हे सांगितले. तो रोग वेगळा, वय वेगळे. पण धडा तोच. २०११ च्या जनगणनेत भारतातील साठीपुढील लोकसंख्या दहा कोटींवर गेली होती. त्यांपैकी शहरी सदनिकांत राहणाऱ्या अनेकांच्या अंगावर दिवसचे दिवस ऊन पडत नाही. सकाळची अर्धा तास फेरी, नाचणी, दूध, तीळ आणि पुरेशी डाळ, यांसाठी कोणत्याही तज्ज्ञाची चिठ्ठी लागत नाही.

शेवटी पुन्हा ते वाक्य: “आता या वयात आईला कापाकापीचा त्रास कशाला?” त्यातील माया खरी आहे, चुकीचा आहे तो ‘आता’ आणि ‘या वयात’ यांवरचा भर. तरुण माणसाला मोडलेले हाड घेऊन सहा आठवडे पडून राहणे परवडते. म्हाताऱ्या माणसाला ते परवडत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेची घाई वय झाले असूनही करावयाची नाही, तर वय झाले आहे म्हणूनच करावयाची. आणि त्या बाकावरील विचारविनिमयात एक जागा आतापर्यंत रिकामी राहिली आहे. ती खाटेवर निजलेल्या त्या आजीची आहे. तिला जवळ बसून, सर्व गोष्टी समजतील अशा रीतीने सांगून, विचारावे. पुष्कळदा उत्तर अगदी साधे येते. तिला शंभर वर्षे जगावयाचे नसते. तिला फक्त आपल्या पायांनी मोरीपर्यंत जावयाचे असते.